ग्लो इंजिन ठेवायचं की मोटर बसवायची?

रिमोटवर उडणारं ४६ साइजचं (०.४६ घनइंची इंजिनाचं) बाल्सा लाकडाचं ट्रेनर, म्हणजे शिकाऊ मॉडेल विमान, मी आधी ग्लोवर, म्हणजे मेथॅनॉलवर चालणाऱ्या छोट्या इंजिनावर, उडवलं, आता त्याच विमानाला बॅटरीवरची ब्रशलेस मोटर आहे. ‘बदलू का?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, भो, तू उडवतो किती वाजता?

जळगावकडे मे महिन्यात खरी वेळ म्हणजे उजाडल्यापासून तास-दीड तास. मग वारा सुटतो, ऊन तापतं. तो तास माझं इंजिन खायचं. प्लग बदल, निडल (इंधन कमीजास्त करायचा स्क्रू) अर्धा क्लिक उघड, नाक वर धरून फुल थ्रॉटलला ऐक, पुन्हा बंद. जमिनीवर गोड वाजायचं, पण वर गेल्यावर टाकी अर्धी झाली की मिश्रण लीन होऊन, म्हणजे त्यातलं इंधन कमी पडून, आवाज चढायचा आणि एकदम शांतता. असंच एकदा ते केळीच्या बागेत उतरलं. ठिबकच्या नळ्या चुकवत आत शिरलो. विमान धड निघालं, माझ्या शर्टावरचे चिकाचे डाग मात्र आजही आहेत. बांधावरून शेजारचा शेतकरी म्हणाला, “काय भो, फटफटी बंद पडनी का?” त्या दिवशी नऊपर्यंत एकच उड्डाण झालं होतं, तेही अर्धं. माझा निर्णय तिथंच झाला. दुसऱ्या कुणाचं इंजिन गुणी असेल, मी नाही म्हणत नाही.

तेलाचा त्रास तर होताच. इंधनातलं एरंडेल पंखांवर बसायचं, त्यावर काळ्या मातीची धूळ. मोटरनंतर फडकं कोरडंच राहतं.

पण मोटरचेही नखरे आहेत. ४एस पॅकवर (चार सेलच्या लिथियम बॅटरीवर) माझी सात-आठ मिनिटं होतात, म्हणून तीन पॅक लागतात, आणि खर्च तिथेच. रानात वीज नाही, सगळे घरूनच भरून न्यायचे. एक पॅक दुपारी बंद गाडीत विसरलो, तो उशीसारखा फुगला. तेव्हापासून पॅक थर्मोकोलच्या डब्यात, सावलीत. आणि तो ग्लोचा आवाज, मेथॅनॉल-एरंडेलाचा वास? त्याची चुटपुट लागते, खोटं का बोला.

बदलायचंच ठरलं तर फायरवॉल, म्हणजे नाकातली इंजिन बसतं ती लाकडी फळी, आधी बघा. वर्षानुवर्षं तेल प्यालेल्या लाकडाला इपॉक्सी धरत नाही. मी वरचा थर खरवडून, अल्कोहोलने पुसून, दोन दिवस सुकवून मग माउंट लावला. मोटर इंजिनापेक्षा हलकी, त्यामुळे नाक उचललं जातं. पॅक टाकीच्या जागी, जमेल तितका पुढे सरकवून सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) जुन्याच खुणेवर आणा. टाकीची जागा वरून उघडेल असं झाकण करा, नाहीतर दर उड्डाणाला पंख सोडावा लागेल. हवा आत येते तिच्यापेक्षा बाहेर जायचं भोक मोठं ठेवा, नाहीतर आमच्या उन्हात ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, तापून मध्येच मोटर बंद करतं. प्रोपेलर जुना चालवू नका. मोटरला मोठा आणि सावकाश फिरणारा लागतो, मी ११ इंची काढून १२ इंची लावला.

इंधनाचा डबा भरलेला पडला असेल तर घाई नको. थंडीत इंजिन तितकं छळत नाही, वाराही उशिरा सुटतो. डबा माघापर्यंत संपवा, शेवटच्या उड्डाणानंतर इंजिनात तेलाचे चार थेंब टाकून हाताने फिरवा, आणि होळीच्या सुट्टीत फायरवॉल खरवडायला घ्या.