स्ट्रूपच्या प्रयोगात सरासरी घ्यावी की मध्यक?

१९३५ मध्ये जॉन रिडली स्ट्रूप यांनी १०० उत्तरांचा एकूण वेळ मोजला. रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३.३ सेकंद, पण 'लाल' हा शब्द निळ्या शाईत अशा छपाईत शाईचा रंग सांगायला ११०.३. तेव्हा हा प्रश्नच नव्हता. आता संगणक एकेका उत्तराचा वेळ देतो. समजा ६२०, ६४०, ६५५, ६९० आणि (शिंक आली म्हणून) २१०० मिलिसेकंद. सरासरी ९४१, एकाही उत्तराच्या जवळपास नाही! मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधला आकडा, ६५५. तरी घाई नको. एका प्रकारच्या चाचण्या (एक चाचणी म्हणजे एक उत्तर) २० आणि दुसऱ्या २०० असतील, तर अशा लांब शेपटीच्या (बहुतेक लहान, मोजके फार मोठे) आकड्यांत २० वाल्यांचा मध्यक जरा फुगतो. सरासरीला ही खोड नाही. चाचण्या समसमान असल्या तरच मी मध्यक घेतो.