क्रूझ म्हणून विकलेली मुक्कामी एसटी

सांगलीतल्या एका सहल नियोजकाकडून लक्षद्वीप आखून घेतलं, त्याचा हा अनुभव. पाचपैकी साडेतीन तारे. दीड कुठे कापला ते सांगतो.

मी ३२ वर्षं एसटीत काढली, शेवटची ११ मिरज डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून. कुणी वेळापत्रक हातात दिलं की आधी त्यातली भोकं शोधायची, ही खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही. नियोजकाचं नाव लिहीत नाही. पोरगा मेहनती आहे, आणि त्याची जी चूक झाली ती या धंद्यात बहुतेक सगळेच करतात. काम एवढंच होतं : परवान्याचे कागद, जहाजाचं बुकिंग, कोचीतला मुक्काम आणि दिवसांची मांडणी. त्याचे माणशी २,५०० रुपये, बाकीचा खर्च वेगळा.

पहिल्याच भेटीत त्याने मोबाइलवर चित्र दाखवलं. निळ्या पाण्यात खांबांवर उभ्या लाकडी खोल्या, खोलीतून उतरणारा जिना थेट समुद्रात. वर लिहिलेलं, ‘लक्षद्वीप क्रूझ’. मी विचारलं, “आपण इथं राहणार?” तर म्हणाला, “नाही काका, ते जरा फील यावा म्हणून.” राहणार होतो जहाजावर. रात्री जहाज चालणार, दिवसा एकेका बेटावर उतरायचं, संध्याकाळी परत जहाजावर. कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. चित्रातल्या खोल्या मालदीवच्या होत्या, हे मला मिनिकॉयला तिथल्या एका पोराने हसत हसत सांगितलं.

अर्धा तारा इथेच गेला. चित्रापेक्षाही ‘क्रूझ’ या शब्दासाठी. कोचीत विलिंग्डन बेटावरच्या धक्क्यावर पोचलो आणि पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं, अरे, ही तर आपली मुक्कामी गाडी! ‘एम. व्ही. कवरत्ती’वर ७०० माणसं मावतात आणि त्यात पर्यटक मूठभर. बाकी सगळे बेटावरचे. कोचीला ऑपरेशन करून परत निघालेले आजोबा, सुट्टीला घरी जाणारी कॉलेजची मुलं, तान्हं बाळ घेतलेली बाई, दोरीने बांधलेल्या गाद्या, एक फ्रिज. लक्षद्वीपची ३६ बेटं, त्यांतल्या १० वर वस्ती, आणि सगळी जमीन मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. विमान उतरतं एकट्या अगत्तीला. मग या लोकांनी जायचं कशाने? मला जहाज फार आवडलं. पण शेजारच्या केबिनमधले नागपूरचे गृहस्थ दोन दिवस स्विमिंग पूल कुठे आहे ते विचारत होते. त्यांनाही कुणीतरी ‘क्रूझ’च विकली होती.

आता ज्यासाठी त्याची पाठ थोपटली ते. मिरजेहून एर्नाकुलमला, म्हणजे कोचीला, थेट जाणारी पूर्णा एक्सप्रेस आठवड्यातून एकदाच आहे, आणि जहाजाचा दिवस हवामानावर. ही दोन वेळापत्रकं एकमेकांत बसवणं म्हणजे यात्रेच्या दिवसांत जादा गाड्यांची ड्युटी लावण्यासारखंच. पोराने आधी जहाज पक्कं केलं, मग रेल्वे काढली. जाताना कोचीत दोन दिवस मोकळे, येताना दीड दिवस मोकळा. मी वाद घातला, फुकटचं लॉजभाडं कशाला? तो ऐकला नाही. आमचं जहाज एक दिवस उशिरा सुटलं. नागपूरकरांनी परतीचं विमान उतरायच्या दिवशीचंच काढलं होतं, ते गेलं. आम्ही फोर्ट कोचीला निवांत चिनी जाळी बघत बसलो होतो. गाडी वेळेवर येईल असं धरून पुढची गाडी लावू नये, हे मी नव्या पोरांना शिकवत आलो, आणि स्वतःच्या सहलीत विसरलो.

परवान्याची मात्र रडकथा. बाहेरच्या माणसाला परवान्याशिवाय बेटावर पाय ठेवता येत नाही. बायकोच्या आधारवरच्या स्पेलिंगमधलं एक अक्षर त्याने अर्जात गाळलं आणि सगळे कागद पुन्हा पाठवावे लागले. ही म्हणाली, “अहो, बारशाला झाली नसेल एवढी चर्चा माझ्या नावाची!”

पण पूर्ण तारा कापला तो कल्पेनीसाठी. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आणि आत उथळ, शांत पाणी. त्यात मोठं जहाज येत नाही. आमचं जहाज बाहेर खोल समुद्रात उभं राहिलं आणि बाजूला छोटी बोट लागली. जहाजाच्या पोटातला दरवाजा उघडतो, समोर बोट लाटेबरोबर वरखाली होत असते. ती वर आली की खलाशी दोन्ही दंड धरतात, ओरडतात आणि तुम्ही बोटीत. क्षण चुकला की बोट हातभर खाली. बायकोचे गुडघे दोन वर्षांपासून दुखतात. नियोजकाने आमचा बीपी विचारला, शुगर विचारली, मांसाहार चालतो का विचारलं, गुडघ्यांचं एका अक्षराने विचारलं नाही. खलाशी पोरं हुशार होती, तिला अलगद उचलून ठेवली म्हणायची. संध्याकाळी परत तेच, आणि मग चढण. मिनिकॉयला ती म्हणाली, मी जहाजावरच बसते. मीच तिला समजावून नेली आणि ते बरं झालं.

कारण मिनिकॉय बघायलाच हवं. बाकी बेटांपासून दूर, दक्षिणेला एकटं. इतर बेटांवर मल्याळमच्या वळणाची बोली, इथे महल भाषा, मालदीवच्या दिवेहीची सख्खी बहीण, आणि लिपी उजवीकडून डावीकडे. १८८५ सालचं दीपगृह आहे. मी वर गेलो, ही खाली शहाळं घेऊन बसली. वरून नारळाच्या झावळ्यांचा हिरवा पट्टा आणि त्याला चिकटून फिकट निळं पाणी, मग एकदम काळं-निळं. जेवणात ट्यूना, खोबरेल तेलातला, सुरमईची सवय असलेल्याला जरा कोरडा वाटतो. हिचा गुरुवार होता. केळी आणि नारळावर भागलं. बंगारम बेट सोडून कुठेही दारू मिळत नाही, हे त्याने आधीच बजावलं होतं. रोख पैसे जवळ ठेवा, बीएसएनएलचं सिम घ्या, हेही सांगितलं होतं आणि दोन्ही उपयोगी पडलं.

परत आल्यावर त्याच्या ऑफिसात गेलो. ड्युटी चार्टसारखा एक कागद करून नेला होता : कुठल्या बेटावर किती वाजता उतरलो, बोट किती वेळा बदलली, शिडीला पायऱ्या किती. त्याने झेरॉक्स काढून घेतली आणि चहा मागवला. भिंतीवर ते खांबांवरच्या खोल्यांचं चित्र अजून होतं.

पुढच्या फेब्रुवारीत मेव्हणा-मेव्हणी जायचं म्हणतात. त्याच्याकडेच पाठवणार आहे. अर्ज मात्र मी भरणार.