बेबी वाइप्सचा घरकामात वापर: काही महिन्यांनंतरचा अनुभव

मुलीचे डायपर सुटले तेव्हा कपाटात बेबी वाइप्सची बरीच पाकिटे शिल्लक होती. ती घरकामात वापरून संपवली आणि त्यानंतरही विकत आणणे चालू ठेवले आहे, त्यामुळे हा अनुभव उरलेल्या मालाचा नसून पदरचे पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा आहे. एक वाइप साधारण दीड-दोन रुपयांना पडतो. जे काम जुन्या सुती फडक्याने होते त्यासाठी तो वापरणे ही उधळपट्टीच आहे. मात्र जिथे पाणी ओतता येत नाही, पिळलेले फडकेही नको तितके ओले ठरते आणि डाग तेलकट किंवा ताजा असतो, तिथे या वस्तूला माझ्या घरात तरी दुसरा पर्याय सापडलेला नाही.

याचे कारण पाकिटावरच्या घटकांच्या यादीत सापडते. बहुतेक पाकिटांत ९८ ते ९९ टक्के पाणी असते आणि उरलेल्या एक-दोन टक्क्यांत साबणाचे काम करणारा सौम्य घटक, ग्लिसरीन, थोडे सायट्रिक आम्ल आणि टिकवण्यासाठी सोडियम बेंझोएट किंवा फिनॉक्सीइथेनॉल असते. कापड विणलेले नसते. सहसा पॉलिस्टर आणि व्हिस्कोसचे तंतू पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी एकमेकांत गुंतवून ते तयार केलेले असते. म्हणून त्याची सुते निघत नाहीत आणि खाचेत घालून ओढले तरी ते सहज फाटत नाही.

सर्वाधिक उपयोग झाला तो स्वयंपाकघरातल्या स्विचबोर्डसाठी. ओट्याजवळच्या बोर्डावर फोडणीचे तेल वाफेबरोबर बसत राहते, त्यावर धूळ चिकटते आणि बटणांच्या कडेने तपकिरी, मेणचट रेघ तयार होते. ओले फडके फिरवले की ती पसरते आणि पाणी आत झिरपण्याची धास्ती असते ती वेगळीच. मेन स्विच बंद करून, वाइप नखावर गुंडाळून त्या रेघेवरून सावकाश फिरवला की ती अख्खी उचलली जाते. कोपऱ्यांसाठी नखाऐवजी काडेपेटीतल्या काडीवर वाइप गुंडाळावा. त्यानंतर कोरडे फडके फिरवून बोर्ड पूर्ण वाळेपर्यंत मेन सुरू करू नये. मिक्सरच्या बुडावरचे चटणीचे शिंतोडे, गॅसच्या शेगडीची बटणे, फ्रिजच्या दाराच्या रबरातल्या घड्या आणि टीव्हीचा रिमोट याच पद्धतीने निघतात.

सरकत्या खिडक्यांच्या खाचांचा अनुभव मात्र संमिश्र आहे. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत आणि त्यातही शेजारी बांधकाम चालू असेल तर त्या खाचांत बोटभर धूळ साचते, आणि त्यावर थेट वाइप फिरवला तर नुसता चिखल होतो. आधी जुन्या टूथब्रशने धूळ मोकळी करून झाडून काढावी आणि मग स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला वाइप गुंडाळून शेवटचा हात फिरवावा. डासांच्या जाळीसाठी हा खटाटोप करू नये. ती काढून नळाखाली धुणेच बरे.

रंगपंचमीच्या दिवशी या पाकिटाने विशेष साथ दिली. जुन्या नाशकातल्या रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, उडी मारून आलेली मंडळी गाडीत बसली की सीट, दाराची मूठ आणि मोबाइलचे कव्हर यांची काय अवस्था होते हे नाशिककरांना सांगायला नको. रेक्झिनच्या सीटवरचा ओला रंग वाइपने लगेच उचलला गेला. कापडी सीटवरचा रंग मात्र चोळल्याने आणखी आत गेला, म्हणून तिथे चोळू नये, केवळ दाबून टिपावे. केसांना डाय लावताना कपाळावर आणि कानांच्या पाळीवर उतरलेला रंगही पक्का होण्याआधी वाइपने निघतो.

जिथे निराशा झाली तेही सांगितले पाहिजे. आरसा आणि काच यांवर ग्लिसरीनमुळे पुसट पट्टे राहतात. पितळी समईवरची धूळ आणि बोटांचे ठसे जातात, पण काळपटपणा हलत नाही. त्याला चिंच किंवा पितांबरीच हवी. हळदीचे म्हणाल तर ग्रॅनाइटवर सांडलेली ताजी हळद निघते, परंतु प्लॅस्टिकच्या डब्यात मुरलेला पिवळेपणा निघत नाही, कारण हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. असा डबा घासून उन्हात ठेवला की तो रंग हळूहळू उडतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बेबी वाइप जंतुनाशक नसतो. मासळी किंवा मटण साफ केल्यानंतर ओटा साबणाने आणि भरपूर पाण्यानेच धुवावा.

आमच्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या मावशींना हा प्रकार अजून पटलेला नाही. "ताई, एकदा पुसून फेकायचं म्हणजे काय ते?" असे त्या विचारतात, आणि हिशेबाने पाहिले तर त्यांचे चूक नाही. म्हणून फार न मळलेले वाइप्स साबणाने धुऊन वाळवते आणि कुंडीच्या तळाच्या छिद्रावर घालते. पाणी निथळते, माती अडकते. पॉलिस्टर कुजत नसल्यामुळे कुंडी बदलताना तोच तुकडा जवळपास जसाच्या तसा हाती येतो.

हे न कुजणे दुसरीकडे भोवते. वाइप कमोडमध्ये टाकला तर टॉयलेट पेपरसारखा विरत नाही, पुढे कुठेतरी अडकतो आणि त्यावर चरबी साचत जाते. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात वाइप्स आणि चरबी यांचा सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा गोळा सापडला होता. आपल्या इमारतींच्या अरुंद पाइपांना तर चार-दोन वाइप्सही पुरतात. घंटागाडीत देताना ते ओल्या कचऱ्यात मिसळू नयेत, कारण त्यांचे खत होत नाही.

उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेले पाकीट लवकर सुकते, विशेषतः ज्याला केवळ चिकटपट्टीचे झाकण असते ते. कडक प्लॅस्टिकचे झाकण असलेले पाकीट घ्यावे आणि ते उलटे ठेवावे, म्हणजे तळाशी उतरलेली ओल वरच्या वाइप्सना मिळते. सुकलेल्या पाकिटात पाणी घालण्याचा सल्ला दिला जातो, पण त्याने टिकवणारा घटक पातळ होऊन आत बुरशी धरू शकते. सुकलेले वाइप्स सरळ धूळ पुसायला घ्यावेत. सुगंधी पाकिटापेक्षा बिनवासाचे बरे, आणि यादीत मिथाइलआयसोथायाझोलिनोन दिसल्यास ते टाळावे. या घटकाने अनेकांच्या त्वचेला ॲलर्जी होते. ज्यांचे हात लवकर कोरडे पडून खाजतात त्यांनी कोणत्याही वाइपने बराच वेळ काम करायचे असल्यास हातमोजे घालावेत.