फ्रिजच्या थर्मामीटरचे खोटे प्रमाणपत्र: माझे 6,940 रुपये कसे गेले

फ्रिज आणि फ्रीझरसाठी दोन डिजिटल थर्मामीटर मी एका सर्जिकल दुकानातून प्रत्येकी 1,850 रुपयांना घेतले आणि त्यांच्या ‘कॅलिब्रेशन प्रमाणपत्रां’चे, म्हणजे ते अचूक तापमान दाखवतात हे तपासल्याच्या कागदांचे, प्रत्येकी 450 रुपये वेगळे मोजले. एकूण 4,600 रुपये झाले. काही शे रुपयांची वस्तू इतकी महाग का घेतली, असे विचारणाऱ्यांना सांगतो की आईचे इन्सुलिन आमच्या फ्रिजमध्ये असते. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही वापरता येत नाही. अशा औषधासाठी जास्त पैसे मोजायला कोणताही मुलगा तयार होईल, आणि दुकानदाराने नेमके हेच हेरले.

फ्रिजमधला थर्मामीटर सुरुवातीपासून 9 ते 10 अंश दाखवत होता, म्हणून मी फ्रिजचा थंडावा वाढवत नेला. एके सकाळी मागच्या बाजूची कोथिंबीर बाहेर काढली, तर तिची पाने कडक होऊन हातात मोडली. थर्मामीटरवर त्या वेळी 6 अंश होते. सहा अंशांवर पाणी गोठत नाही, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तो आकडा आणि ती गोठलेली जुडी, दोन्ही एकाच वेळी माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि आजही ते आठवले की संताप होतो. पण प्रमाणपत्रावर प्रयोगशाळेचे नाव, सही आणि गोल शिक्का होता; त्या कागदापुढे कोथिंबिरीची साक्ष कोण खरी मानील? मागचा कप्पा जास्त थंड असतोच, असे समजून मी जुडी पुढे सरकवली. इन्सुलिनची कार्ट्रिजे मात्र मागेच राहिली. ती गोठल्याचे लक्षात आले तेव्हा औषधविक्रेत्याने सगळी टाकून द्यायला सांगितले. त्यांची किंमत 2,340 रुपये होती. त्यांतले एकही आईला दिले गेले नव्हते, एवढाच दिलासा.

त्यानंतर मी पेलाभर बर्फाचा चुरा घेतला, त्यात थोडे थंड पाणी घालून ढवळले आणि थर्मामीटरची तार काचेला टेकणार नाही अशी मधोमध धरली. तेथे शून्य किंवा त्याच्या अंशभर मागेपुढे आकडा यायला हवा. माझा थर्मामीटर 6 वर थांबला. वस्तू नवी असतानाच ही चाचणी करा. दुकानदार ‘सर, हे मेडिकल ग्रेड आहे’ म्हणाला तरी करा.

मग प्रमाणपत्रे नीट वाचली. दोन्हींवर थर्मामीटरचा अनुक्रमांक एकच होता. तपासणी 20, 30 आणि 40 अंशांवर केल्याची नोंद होती. फ्रिजच्या 4–5 अंशांचा किंवा फ्रीझरच्या उणे 18 अंशांचा उल्लेखच नव्हता. ज्या तापमानाला वस्तू वापरायची, त्या तापमानाची तपासणी कागदावर नसेल, तर त्या कागदासाठी एक रुपयाही देऊ नका. अशा तपासणी प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त प्रयोगशाळा शोधता येतात. माझ्या कागदावरचे नाव तेथे नव्हते.

दुकानदाराने ‘विकलेला माल परत घेत नाही’ एवढेच उत्तर दिले. पोलीस ठाण्यात हा दिवाणी वाद असल्याचे सांगण्यात आले. एका सरकारी कार्यालयात घरगुती वस्तूची तक्रार येथे घेत नाहीत असे म्हणून दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवले, आणि तेथून मला पुन्हा पहिल्याच कार्यालयाचा पत्ता देण्यात आला. खोटा शिक्का मारून नऊशे रुपये उकळणे हा गुन्हा कोणाच्या अखत्यारीत येतो, हे एकाही अधिकाऱ्याला सांगता येऊ नये? आजारी माणसाचे औषध वाया गेले, हे वाक्य तर कोणी लिहूनही घेतले नाही. ‘रक्कम किती किरकोळ आहे’ असे ऐकवण्यात आले. त्या दुकानातून असे किती थर्मामीटर विकले गेले असतील, याची चौकशी करावी असे कोणालाही वाटले नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. मी तेथेच अर्ज केला आहे. पक्के बिल घ्या. मला ‘एस्टिमेट’ लिहिलेला कागद मिळाला, पण पैसे यूपीआयने दिल्यामुळे नोंद तरी राहिली. वेष्टनावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव आणि पत्ता नसेल, तर वस्तू काउंटरवरच परत करा. आणि असे प्रमाणपत्र घरात असेल, तर ते खोटे निघाले तरी फाडू नका. तक्रारीला तोच कागद जोडावा लागतो.