आरटीएक्स ४०९० साठी जुना ८५० वॉट की नवा १००० वॉट?
भाच्याने आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड घेतलंय आणि आता अडलाय: घरातला जुना ८५० वॉटचा पॉवर सप्लाय ठेवावा, की एटीएक्स ३.१ या पॉवर सप्लायच्या मानकाचा नवा १००० वॉटचा घ्यावा?

पैशांत जुना सरस, त्यावर बोलायलाच नको. दोन्ही खोक्यांवर 'गोल्ड' आहे, पण ते फक्त वीज किती वाया जाते ते सांगतं.

ताकदीचा हिशेब नीट मांडू. कार्ड ४५० वॉट, भाच्याचा प्रोसेसर कोअर आय९-१३९००के पूर्ण जोरात २५३. पंखे, मदरबोर्ड धरून पावणेआठशेच्या आसपास. म्हणजे ८५० पुरतो. पण कार्ड क्षणभर ४५०च्या बरंच वर उसळतं, तेव्हा जुना सप्लाय ऐन खेळात पीसी बंद पाडू शकतो. एटीएक्स ३ पासूनचे सप्लाय हे झटके सोसायलाच बनवलेत.

कार्ड जोडायला जुन्याला आठ-पिनी तारांचा अ‍ॅडॉप्टर लावावा लागतो, नव्याला एकच केबल. कोणतीही असो, पूर्ण आत बसली पाहिजे. फट राहिली तर पिना तापून प्लास्टिक वितळतं. मी टॉर्च मारून बघते.

रायझन ७ ७८००एक्स३डीसारखा कमी वीज खाणारा प्रोसेसर असेल, तर चांगला ८५० खुशाल ठेवा. भाच्यासारखा आय९ असेल, तर १०००च घ्या.