पार्किन्सनच्या ऑपरेशनमधली भूल: माझा अनुभव
मी गोव्यातल्या साखळीचा, निवृत्त मराठी शिक्षक, वय ६४. पार्किन्सनला नऊ वर्षं झाली. मेंदूत तारा बसवायचं, म्हणजे डीबीएसचं ऑपरेशन गेल्या पावसाळ्यात झालं. सर्जनबद्दल सगळेच बोलतात, मला भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंबद्दल लिहायचंय.

भूल म्हणजे झोप, असंच मी धरून चाललो होतो. डोक्याला चार स्क्रूंनी धातूची चौकट आवळण्याआधी बाईंनी कपाळापासून मागच्या मानेपर्यंत बधिर करणारी इंजेक्शनं दिली. ती चांगलीच झोंबली. कवटीला भोक पाडताना थोडी गुंगी दिली. दुखलं नाही, पण थरथर दाढांपर्यंत पोचली. मग गुंगी बंद. मेंदूतल्या पेशींचे आवाज ऐकून तार नेमकी जागी न्यायची असते आणि गुंगीच्या औषधाने ते आवाज दबतात. स्टेशन लागत नसलेल्या रेडिओसारखी ती खरखर मी स्वतः ऐकली.

पुढचे तासच कठीण. आदल्या रात्रीपासून सिन्डोपा, म्हणजे पार्किन्सनची गोळी बंद, अंगाचं लाकूड झालेलं, डोकं टेबलाला जखडलेलं. बाई माझ्या तोंडासमोरच बसून होत्या. गुडघ्यांखाली उशी सरकवली, ओल्या कापसाने ओठ पुसले, दर थोड्या वेळाने विचारायच्या, "मास्तर, दुखता?" एक डोळा सतत बीपीवर, कारण ते चढलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

तारेतून करंट सुरू झाल्यावर बोलत राहा म्हणाले. मी एकोणतीसचा पाढा धरला. उजवा हात अचानक शांत झाला. करंट वाढवला तशी दोनशे तीनला जीभ जड पडली. बाईंनी लगेच सर्जनना सांगितलं, करंट कमी केला आणि पाढा पूर्ण झाला.

तारांना करंट देणारी बॅटरी छातीत बसवताना मात्र पूर्ण भूल होती. दोन दिवस घसा खवखवत होता.

तक्रार इस्पितळाच्या कारभाराबद्दल आहे. गोळी बंद केल्यावर सकाळी मी पलंगावरून उठूही शकणार नाही, हे घरी कोणीच सांगितलं नव्हतं. बायको रडकुंडीला आली. रात्री वॉर्डात उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन आणलं. पार्किन्सनमध्ये ते चालत नाही, हे बाईंनी बायकोला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून तिने हात धरून थांबवलं. फाइलवरही तसं लिहिलेलं होतं. ऑपरेशनला जाणाऱ्यांच्या घरच्यांनी त्या इंजेक्शनचं नाव कागदावर लिहून जवळ ठेवा.