रिकामी पडलेली बॅटरी बँक : सावरावी, की बदलावी?

कोकणातली अनेक घरे मे महिन्याच्या सुटीनंतर कुलूपबंद होतात आणि थेट गणपतीला उघडतात. मधल्या काळात सोलर पॅनेलवर ढगांची सावली आणि पालापाचोळा असतो, इन्व्हर्टर मात्र अनेकदा चालूच राहिलेला असतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या दोन ट्यूब्युलर (नळीदार प्लेटांच्या लेड-ॲसिड) बॅटऱ्यांच्या २४ व्होल्ट जोडीत, म्हणजे बॅटरी बँकेत, सुमारे ३६०० वॅट-तास ऊर्जा मावते. एकही दिवा न लावता इन्व्हर्टर स्वतःसाठी २० वॅट घेत असेल, तर रोजचे ४८० वॅट-तास जातात आणि ऊन नसल्यास आठवडाभरात बँक रिकामी होते.

सावरावी की बदलावी, हे ठरवताना बॅटरी किती खाली गेली यापेक्षा ती किती दिवस रिकामी राहिली हे आधी पाहावे. डिस्चार्ज होताना प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते. ते ताजे असेपर्यंत चार्जिंगने विरघळते, पण आठवडे उलटले की त्याचे स्फटिक मोठे आणि कठीण होत जातात. चार-पाच दिवस रिकामी राहिलेली बॅटरी बहुधा सावरते. तीन महिने तशीच राहिलेली बॅटरी सावरली, तरी पूर्वीची क्षमता क्वचितच परत मिळते.

केवळ मल्टीमीटरवर निर्णय घेऊ नये. १०.५ व्होल्टचे दोन अगदी वेगळे अर्थ होऊ शकतात : बॅटरीच्या सहाही सेल (आतले सुमारे २ व्होल्टचे कप्पे) सारख्याच रिकाम्या झालेल्या असतील, किंवा पाच सेल भरलेल्या (प्रत्येकी २.१ व्होल्ट) आणि सहावी आतून शॉर्ट झालेली असेल. पहिल्या बॅटरीवर वेळ खर्च करण्यात अर्थ आहे, दुसरीवर नाही. हा फरक हायड्रोमीटर, म्हणजे सेलमधल्या ॲसिडची घनता मोजणारे साधन, दाखवतो. भारतात मिळणाऱ्या ट्यूब्युलर बॅटरीत पूर्ण चार्जला घनता साधारण १.२४० असते. सहाही सेलची घनता सारखीच खाली असेल, तर बॅटरीला संधी द्यावी.

सावरण्याचा माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग हळू चार्जिंगचा आहे. जोडी सोडवून प्रत्येक बॅटरी स्वतंत्रपणे, नेहमीच्या १५ ऐवजी ५ ते ७ अँपिअरने, दीड-दोन दिवस चार्ज करावी. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकेच डिस्टिल्ड वॉटर आधी घालावे आणि उरलेली पातळी चार्जिंगनंतर भरावी. ॲसिड मात्र घालू नये, कारण त्याने घनतेचे माप फसवे होते आणि सल्फेट जागचे हलत नाही. ऑटोमॅटिक चार्जर इतक्या कमी व्होल्टेजला अनेकदा सुरूच होत नाही. अशा वेळी हाताने प्रवाह ठरवता येणारा चार्जर असलेल्या बॅटरीच्या दुकानात बॅटरी नेणे योग्य.

त्यानंतरही एखादी सेल मागे राहिली, तर इक्वलायझेशन, म्हणजे १५ ते १६ व्होल्टपर्यंतचे नियंत्रित अतिचार्जिंग, उपयोगी पडते. दर तासाला घनता मोजावी. सलग तीन मापे सारखी आली किंवा तापमान ५० अंशांकडे गेले की थांबावे. या वेळी हायड्रोजन बाहेर पडतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो, म्हणून हे काम उघड्या पडवीत, लोड काढून आणि डोळ्यांवर चष्मा लावून करावे. सीलबंद किंवा जेल बॅटरीवर हा प्रयोग कधीही करू नये, कारण तिच्यातून गेलेले पाणी परत भरता येत नाही. सल्फेट काढणाऱ्या पावडरी आणि पल्स उपकरणांवर पैसे घालण्याआधी हे दोन उपाय करून पाहावेत.

आता खर्च. हळू चार्जिंगला वीज, पाणी आणि वेळ एवढेच लागते, त्यामुळे तीन वर्षांच्या आतील बॅटरीसाठी तो प्रयत्न करावाच. मात्र त्यानंतर बॅटरी रात्रभर विसावू द्यावी, जोडी पुन्हा जोडावी आणि इन्व्हर्टरवर ३०० वॅटचा लोड चालवून पाहावा : नव्या जोडीवर तो सुमारे १० तास चालतो. सहा तास चालला तर पंखे आणि दिव्यांपुरते घर निभावेल. चार तासांतच बॅटरी लो दाखवली, किंवा एखाद्या सेलची घनता इतरांपेक्षा ३० ते ५० अंकांनी (म्हणजे ०.०३० ते ०.०५०) मागेच राहिली, तर बदलणे शहाणपणाचे. बदलताना जोडी एकत्रच बदलावी. जुन्या, दमलेल्या बॅटरीच्या जोडीला नवी बसवल्यास जुनी लवकर व्होल्टेज गाठते, चार्जर आवरता घेतो आणि नवी कायम अर्धवट भरते.

लिथियम आयर्न फॉस्फेट बँकेचे गणित निराळे आहे. टर्मिनलवर शून्य व्होल्ट दिसले म्हणजे ती मेलीच असे नव्हे, सेल २.५ व्होल्टच्या आसपास आल्यावर बीएमएसने (बॅटरीवर देखरेख ठेवणाऱ्या आतल्या सर्किटने) जोडणी तोडलेली असते आणि योग्य लिथियम चार्जर लावल्यावर ती पुन्हा जागी होते. पण सेल २ व्होल्टच्या खाली आठवडेच्या आठवडे राहिली असेल, तर आतले तांबे विरघळून पुढच्या चार्जिंगला अंतर्गत शॉर्ट होण्याचा धोका असतो. लेड-ॲसिड बॅटरीत फसलेल्या प्रयत्नाची किंमत बहुधा दोन दिवसांची असते. इथे ती आग असू शकते, म्हणून अशा सेल मी सावरायला घेणार नाही आणि बीएमएसला वळसा घालून चार्ज करण्याचा सल्ला कोणालाही देणार नाही.